पुन्हा दिल्लीला निघालात? मग एकदा हिंदुरावांकडे जाऊन या

पत्र :

नमस्कार ताई,

आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. सहा वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर दिल्ली केली होती. दोन दिवसांत लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, लोटस टेंपल, इंडिया गेट, अक्षरधाम. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. आता फेब्रुवारीच्या मध्यावर दीराच्या मुलाचं लग्न दिल्लीत आहे आणि लग्नाचे दिवस सोडून चार दिवस आमच्या हाताशी आहेत. सोबत सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात), मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. मुलाला इतिहास म्हटलं की जांभया येतात. मुलीला फक्त प्राणी-पक्षी हवेत. सासूबाई म्हणतात, मला एखाद्या देवळात बसवा आणि तुम्ही फिरून या. ह्यांचं तर एकच पालुपद : ‘दिल्ली पाहून झाली ना, आता परत काय पाहायचंय?’ सासरे रेल्वेत होते, सगळं लहानपण इगतपुरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे ह्यांना रुळांपलीकडे कशाचं कौतुक नाही. चार दिवस हॉटेलच्या खोलीत आणि मॉलमध्ये जाऊ नयेत, एवढीच इच्छा. काय करू?

– एक वाचक


उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटलेलं नाही, पण समजलं. ती दोन दिवसांची बस मीही एकदा केली आहे, माहेरच्या मंडळींना घेऊन. संध्याकाळी वडील म्हणाले होते, ‘आज आपण दिल्लीची हजेरी घेतली.’ हजेरी एकदा झाली की पुन्हा घ्यावीशी वाटत नाही, यात त्यांचा काय दोष!

मी दिल्लीत अकरा वर्षं काढली. त्या अनुभवावरून सांगते, दुसऱ्या खेपेला ठिकाणांची यादी करू नका, दिशा ठरवा. एका दिवशी शहराचं एकच टोक धरायचं, तिथंच रेंगाळायचं, दुपारी जेवून आडवं व्हायचं. पहिल्या खेपेला तुम्ही मधली दिल्ली पाहिलीत. आता दोन्ही टोकं पाहा. आणि तुमच्यापुरतं सांगायचं तर एक गोष्ट फार बरी आहे. तुम्ही संभाजीनगरच्या आहात. दिल्ली समजून घ्यायला याहून चांगला पत्ता नाही.

दौलताबादचा किल्ला मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलाच असेल. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, हेही पाठ असेल. पण ती हलवली कुठून? तो सोडून आला ते ठिकाण कुठलं? विचारा मुलाला. बहुतेक जण लाल किल्ला म्हणतात. लाल किल्ला तर त्यानंतर तीनशे वर्षांनी झाला.

ते ठिकाण दक्षिण दिल्लीत आहे, बेगमपूर गावात. हौज खास किंवा मालवीय नगर मेट्रो स्टेशनवर उतरायचं आणि रिक्षा करायची. रिक्षावाल्याला ‘बिजय मंडल’ म्हटलं तर तो बहुधा तुमच्याकडे बघत बसेल, ‘बेगमपूर की बडी मस्जिद’ सांगा. घरांच्या आणि वायरींच्या जंगलात एक प्रचंड दगडी उंचवटा अचानक समोर येतो. हा तुघलकाचा महाल. इथंच त्याचा हजार खांबांचा दरबार भरायचा. खांब लाकडाचे होते, ते केव्हाच गेले, पण ते ज्यात बसवले होते त्या बैठकींच्या खुणा जमिनीत अजून दिसतात. मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता या दरबारात उभा राहिला होता, पुढं इथंच काझी झाला, आणि दौलताबादलाही जाऊन आला. राजधानी हलवण्याचं जे कारण त्यानं लिहून ठेवलंय ते तुमच्या आठवीतल्या इतिहासद्वेष्ट्याला सांगा : दिल्लीकर रात्रीच्या वेळी सुलतानाला शिव्या घातलेल्या निनावी चिठ्ठ्या दरबारात टाकायचे, म्हणून तो चिडला. बतूता आला तोवर त्या घटनेला काही वर्षं उलटली होती, तेव्हा ही ऐकीव गोष्ट. बरनी हा त्या काळचा दुसरा इतिहासकार सरळ कारण देतो, देवगिरी राज्याच्या मध्यावर पडत होती. परीक्षेत बरनी लिहावा. लक्षात मात्र बतूताच राहतो.

शेजारची बेगमपुरी मशीद चुकवू नका. अंगण एवढं मोठं की मुलं धावत सुटतील, आणि धावू द्या, अडवायला कुणी नसतं. एकेकाळी अख्खं गाव या मशिदीच्या आत घरं बांधून राहत होतं. मी गेले तेव्हा तिथं एक शेळी, पत्ते कुटणारे चार म्हातारे आणि मी, एवढीच गर्दी होती.

तिथून टॅक्सीनं तुघलकाबाद. हा बापाचा किल्ला, घियासुद्दीनचा, १३२१ ते १३२५ या चारेक वर्षांत उठवलेला. निजामुद्दीन औलिया या सूफी संतांशी त्याचं वैर जुळलं. सगळे मजूर किल्ल्याच्या कामाला जुंपले, म्हणून औलियांच्या बारवेचं काम रात्री दिव्यांवर चालू लागलं. सुलतानानं तेल बंद केलं तर बारवेच्या पाण्यावरच दिवे जळले, अशी दंतकथा आहे. बंगालच्या स्वारीहून परतणाऱ्या सुलतानाबद्दल औलिया म्हणाले म्हणतात, ‘हनूज दिल्ली दूर अस्त.’ दिल्ली अजून लांब आहे. आणि खरोखरच दिल्लीच्या वेशीवर, स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून तो मेला. किल्ला आज ओसाड आहे. सासूबाईंना वर नेऊ नका. सावली नाही, पायऱ्या उखडलेल्या आहेत, आणि माकडं आहेत. त्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या मकबऱ्यात बसा. लाल दगडाच्या तिरप्या भिंती, वर पांढरा घुमट, आकार एखाद्या छोट्या गढीसारखा. आत तीन कबरी आहेत. एक घियासुद्दीनची, एक त्याच्या बेगमेची, आणि तिसरी महंमदाची, असं मानलं जातं. ज्यानं तुमच्या गावाला हिंदुस्थानची राजधानी केलं तो माणूस इथं आईबापांजवळ झोपलाय. पोरांना तेवढं दाखवा आणि जेवायला चला.

दुसरं टोक उत्तरेचं. हे माझं लाडकं, म्हणून जरा पाल्हाळ लावणार आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या बाजूला एक जुनी डोंगररांग आहे, अरवलीचं शेवटचं शेपूट. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. तिच्यावर एक सरकारी रुग्णालय आहे, हिंदू राव हॉस्पिटल. पहिल्यांदा मी तिथं निघाले तेव्हा रिक्षावाल्यानं गाडी सुरू करण्याआधी मागं वळून विचारलं, ‘कौन बीमार है, बहनजी?’ कुणीच नाही म्हटल्यावर त्याला माझीच काळजी वाटू लागली. दिल्लीतल्या बहुतेकांना हा हिंदू राव कोण हे ठाऊक नसतं. मलाही पहिली चार वर्षं नव्हतं.

हे हिंदुराव घाटगे. आपल्या कागलचे. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाई यांचे सख्खे भाऊ. ज्या कागलकर घाटग्यांच्या घराण्यातून पुढं राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरला दत्तक गेले, तेच घराणं. दौलतरावांच्या मागं बायजाबाईंनी काही वर्षं ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, मग त्यांना तिथून निघावं लागलं आणि हिंदुराव दिल्लीकर झाले. रिजवरचा हा बंगला मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. १८३५ च्या मार्चमध्ये त्याचा गोळी घालून खून झाला आणि त्या प्रकरणात फिरोजपूर झिरक्याचे नवाब शमसुद्दीन फासावर गेले. उर्दूतले मोठे शायर दाग देहलवी हे त्यांचेच चिरंजीव. तो रिकामा बंगला हिंदुरावांनी घेतला. पुढं १८५७ मध्ये दिल्लीला वेढा पडला तेव्हा इंग्रजांची सगळ्यात पुढची चौकी या बंगल्यात होती, गुरखा पलटणीची. हिंदुराव तोवर हयात नव्हते, पण लढाईच्या प्रत्येक इंग्रजी हकिकतीत ‘हिंदू रावचं घर’ येतच राहतं. कागलच्या माणसाचं नाव तिथल्या तोफखान्याच्या नकाशांत आणि आता केसपेपरवर!

रुग्णालय चालू आहे, तेव्हा आत सहलीसारखं हिंडू नका. आवारात पीर गायब नावाची फिरोजशहा तुघलकाच्या काळातली पडकी इमारत आहे, ती पाहून बाहेर या. बाहेर रस्त्यालगतच एक दगडी खांब उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो अशोकाचा आहे. मूळचा मेरठचा, फिरोजशहानं इथं आणवला. अठराव्या शतकात फर्रुखसियरच्या काळी स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ मध्ये ते जोडून पुन्हा उभा केला. सांधे दिसतात. मुलीला मोजायला सांगा.

हा खांब आवडला तर त्याचा धडधाकट भाऊ फिरोजशहा कोटल्यात आहे, क्रिकेटच्या मैदानाला लागून. तो हरियाणातल्या टोपऱ्याहून आणला. बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून, प्रत्येक चाकाच्या दोराला दोनशे माणसं लावून यमुनेपर्यंत ओढत आणला आणि मग नावांवर चढवला, असं त्या काळचा इतिहासकार अफीफ सांगतो. त्यावर काय लिहिलंय हे फिरोजशहाला कुणीच वाचून दाखवू शकलं नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी सोडवली, तेव्हा कुठं कळलं. कोटल्याला गुरुवारी दुपारनंतर गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. तळघराच्या कोनाड्यांत लोक मेणबत्त्या लावतात आणि जिनांना अर्ज लिहून ठेवतात, अगदी रीतसर, छायाप्रतींसह. कुणाची नोकरी, कुणाचा कोर्टातला खटला. अर्ज वाचू मात्र नका, ते दुसऱ्याचे असतात.

रिजवरून खाली आलात की अलीपूर रोड. २६ क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंत्रिपद सोडल्यानंतर राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथंच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. आदल्या रात्रीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची प्रस्तावना तपासायला जवळ घेतली होती. आता तिथं राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ मध्ये खुलं झालेलं, उघड्या संविधानाच्या आकाराचं. मुंबई-नागपूरकडची मंडळी दिल्लीत येतात, संसद बाहेरून पाहतात आणि या घराचा पत्ताच त्यांच्याकडे नसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. तुम्ही तर मिलिंद महाविद्यालयाच्या गावच्या. ते १९५० मध्ये बाबासाहेबांनीच उभं केलं. मुलांना नागसेनवन माहीत असेलच. त्याच माणसाचा हा शेवटचा पत्ता. सोमवारी बंद असतं, आणि दिल्लीतली बहुतेक संग्रहालयंही सोमवारी बंदच, तेव्हा लग्नाची धावपळ सोमवारी येत असेल तर उत्तम.

जेवायला तिथून जवळच मजनू का टिला. तिबेटी निर्वासितांची वस्ती, अरुंद बोळ, मोमो आणि थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप. मुलगा खूश होईल. सासूबाईंना भाज्या घातलेला साधा थुक्पा चालेल, किंवा शेजारच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहेच. तुम्ही सचखंड एक्सप्रेसनं येणार असाल तर लंगरची चव गाडीतच लागली असेल. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी जेवण वाढतात, फक्त ताटल्या आपल्या हव्यात. चार स्टीलच्या ठेवाच बरोबर.

आणखी उत्तरेला कोरोनेशन पार्क आहे. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्जनं राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा केली ती इथं. त्या दरबारात सयाजीराव गायकवाडांनी, म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलानं, दागिने न घालता येऊन एकदाच मान लववली आणि बादशहाकडे पाठ करून चालते झाले. त्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! इंडिया गेटच्या छत्रीखालून काढलेला जॉर्जचा उंच पुतळा आता या बागेत उभा असतो. वेळ उरला तरच जा, लांब आहे.

निजामुद्दीनचा भाग थोडक्यात उरकते, कारण तो सोपा आहे. हुमायूनच्या मकबऱ्याला लागून सुंदर नर्सरी आहे, नव्वदेक एकरांची बाग, जुन्या घुमट्या दुरुस्त करून २०१८ मध्ये उघडलेली. नावावर जाऊ नका, इथं रोपं घ्यायला जायचं नसतं. सपाट वाटा, जागोजागी बाकं, मोर, बदकं. सासूबाईंचा आणि मुलीचा अख्खा दुपार-संध्याकाळचा प्रश्न मिटला. तुम्ही दोघं तेवढ्यात रस्त्यापलीकडं रहीमच्या मकबऱ्याकडे जाऊन या. हिंदीच्या पुस्तकातले दोहे लिहिणारा हाच रहीम, अकबराचा सेनापती, आणि चांदबिबीच्या वेळी अहमदनगरला वेढा घालणाऱ्या फौजेतही हाच. मकबरा त्यानं बायकोसाठी बांधला, पुढं स्वतःही तिथंच विसावला. त्यावरचा संगमरवर नंतर उपटून सफदरजंगाच्या मकबऱ्याला लावला गेला. बिबी का मकबरा पाहत वाढलेल्या डोळ्यांना हुमायूनचा मकबरा जरा ओळखीचा वाटेल. घराणं एकच, तो पणजोबा.

सासूबाईंच्या देवळाचं म्हणाल तर मेहरौलीचं योगमाया मंदिर. कुतुबमिनारपासून हाकेच्या अंतरावर, आणि यात्रा कंपन्या तिथं थांबत नाहीत. कंसाच्या हातून निसटलेली कृष्णाची बहीण ती ही देवी. पावसाळा सरला की ‘फूलवालों की सैर’ नावाचा उत्सव असतो, त्यात फुलांचे पंखे या देवीलाही वाहतात आणि जवळच्या बख्तियार काकींच्या दर्ग्यातही. इंग्रजांनी १९४२ मध्ये तो बंद पाडला होता, नेहरूंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा सुरू करवला. सासूबाई तिथं टेकल्या की तासाभरासाठी बाकीच्यांनी मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात शिरावं. आत राजों की बावली आहे, १५०६ ची, वेरूळ-पैठणकडच्या बारवा पाहिलेल्यांनाही थबकवणारी. आणि एक थडगं आहे, अकबराच्या काळच्या कुली खानाचं. थॉमस मेटकाफ या इंग्रज साहेबानं त्याचा सुट्टीचा बंगला केला होता. थडग्याच्या दालनात जेवणाचं टेबल! मुलाला इथं जांभई येणार नाही, हे मी लिहून देते.

मुलीसाठी जुन्या दिल्लीतली एक सकाळ ठेवा. लाल किल्ल्यासमोरच्या लाल जैन मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. पंख मोडलेली कबुतरं, चक्कर आलेले पोपट, पतंगाच्या मांजानं कापलेल्या पारव्यांचे वॉर्ड. घार-ससाण्यांना औषधपाणी मिळतं, मुक्काम मात्र मिळत नाही, कारण जैन रुग्णालयात मांसाहारी पेशंट ठेवायचा कसा? चौथीतली मुलगी यावर तुम्हाला दिवसभर प्रश्न विचारेल. तिथून किनारी बाजारातल्या नौघरा गल्लीत जा. नऊ जुन्या जैन हवेल्या, रंगवलेली दारं, आणि बाजाराच्या कल्लोळात अचानक शांतता. वाटेत मातीच्या रंगाचा सुती कपडा पांघरलेली मोठी परात घेऊन कुणी बसलेला दिसला तर थांबा. ती दौलत की चाट. नावात चाट असली तरी गोड असते, दुधाचा नुसता फेस, वर खवा आणि केशर. थंडीच सरली की ती गायब होते, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यावर मिळाली तर नशीब समजा. पहाटे उठायची तयारी असेल तर कश्मीरी गेटजवळच्या यमुना घाटावर होडीतून पाहुण्या कुरव पक्ष्यांचे थवे पाहता येतात. फोटो सुंदर येतात. नदीचा वास फोटोत येत नाही, एवढं सांगून ठेवते.

लाल किल्ला तुम्ही पाहिलाय, पण गाइडनं दिवाण-ए-खासच्या छताबद्दल सांगितलं होतं का? ते चांदीनं मढवलेलं होतं आणि १७६० मध्ये, पानिपताच्या आधी, सदाशिवरावभाऊंनी ती चांदी काढून वितळवली. फौजेला द्यायला पैसा नव्हता. हे ऐकून आपल्याकडची काही मंडळी गाइडशी भांडतात. भांडू नका, ते खरं आहे. उतारा म्हणून तालकटोऱ्याला चक्कर मारा. १७३७ मध्ये पहिले बाजीराव इथवर आले, बादशाही फौजेला चोप दिला, आणि शहराला हात न लावता परत फिरले. दिल्लीची अमर्यादा केली तर राजकारण तुटेल, असा हिशेब त्यांनी चिमाजीअप्पांना पत्रात लिहिला आहे. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. दिल्लीत त्याआधीचं १९५४ चं. बाग फार देखणी आहे असं मी म्हणणार नाही, पण संध्याकाळी शेंगदाणे खात बसायला बरी.

काही रोखठोक गोष्टी. अग्रसेन की बावली आता अपरिचित राहिलेली नाही, तिथं फोटोसाठी रांग असते, सोडून द्या. मेट्रोचं कार्ड आणि नकाशा मुलाच्या हातात द्या. चुकला तर चुकू द्या, दिल्लीत एक स्टेशन पुढं गेल्यानं काही बिघडत नाही. मेट्रोला लिफ्ट असतात, त्यामुळे सासूबाईंना जिन्यांचा त्रास नाही, पण राजीव चौकात गाडी बदलणं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर टाळा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफी आहे, दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा. रिजवर खाण्याची पिशवी हातात धरून चालू नका. माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या एका माकडिणीनं माझ्यादेखत, एकेक करून, पिल्लाला भरवल्या आहेत. आणि चारही दिशा चार दिवसांत कोंबू नका. दोन पूर्ण दिवस, दोन अर्धे. मला विचाराल तर तुघलक आणि रिज हे पूर्ण, बाकीच्यांतून जे जमेल ते.

यजमानांचं राहिलं. त्यांना काही समजावू नका, वादही घालू नका. पहिल्याच दिवशी, लग्नघरी जाण्याआधी, चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात चला म्हणा. मुलांसाठी छोटी गाडी आहे. पतियाळा संस्थानची १९०७ ची मोनोरेल आहे, एकाच रुळावर तोल सांभाळत जाणारी, आधी खेचरं ओढायची, मग वाफेचं इंजिन आलं. पण तुम्ही तिथं थांबू नका. मागच्या रुळांवर ‘सर लेस्ली विल्सन’ असं नाव लिहिलेलं एक लांबोडकं विजेचं इंजिन उभं आहे, दोन्हीकडं नाक पुढं काढलेलं, मधे खोली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं घाटांत वीज आणली तेव्हा, १९२८-२९ च्या सुमारास, या जातीची इंजिनं आली, आणि थळ आणि बोर घाटांत पुढची कित्येक दशकं त्यांनी मालगाड्या ओढल्या.

सासूबाईंना बाकावर बसवा, इंजिनाकडे तोंड करून. आणि मुलांना सांगा, आजीला विचारा, याला इगतपुरीत काय म्हणायचे? त्या ‘खेकडा’ म्हणतील. पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.